फारखत : हिशेब फिटल्यानंतरच्या खात्याचा इतिहास

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस व त्याच्या आसपासच्या गावांत पीककर्जाचा हंगाम आला म्हणजे ‘बेबाकी’ हा शब्द वारंवार कानी पडतो. नवे कर्ज मागणाऱ्या शेतकऱ्याने इतर बँकांकडून व सोसायटीकडून ‘आपले याच्याकडे काही येणे नाही’ असा जो लेखी दाखला आणावयाचा, त्यास बेबाकी प्रमाणपत्र म्हणतात. शब्द जुना आहे. ‘बे’ हा फारसी अभावदर्शक उपसर्ग आणि ‘बाकी’ हा अरबी शब्द यांच्या मिलाफातून तो सिद्ध झाला असून, ज्याच्याकडे बाकी उरली नाही तो बेबाक, असा त्याचा सरळ अर्थ आहे. (हिंदी व उर्दूत ‘निर्भय’ या अर्थी जो ‘बेबाक’ आहे, त्याच्याशी याची गल्लत होऊ नये, तेथील ‘बाक’ म्हणजे भय. उर्दू लिपीत दोहोंतील अंत्य वर्ण निराळे आहेत. मराठी उच्चारात तो भेद लोपला.) ‘बेबाक’ या शब्दाच्या जोडीनेच मराठीत नांदलेला दुसरा शब्द म्हणजे ‘फारखत’ किंवा ‘फारकत’. अरबी ‘फारिग’ म्हणजे मोकळा झालेला आणि ‘खत’ म्हणजे लेख. देणे फिटल्यावर धनकोने ऋणकोस, वाटणी झाल्यावर भावाने भावास, आणि संसार मोडल्यावर नवऱ्याने बायकोस लिहून द्यावयाचा मोकळिकीचा कागद, ती फारखत. आज बोलीत या शब्दाचा पहिला अर्थ जवळजवळ विसरला गेला असून केवळ शेवटचा शिल्लक आहे.

हा अर्थसंकोच भाषाशास्त्राच्या दृष्टीने सामान्य असला, तरी इतिहासाच्या दृष्टीने तो विचार करावयास लावणारा आहे. व्यवहार संपल्यानंतर त्या व्यवहाराचा लेख कोणापाशी राहावा, हा प्रश्न अलीकडे संगणकीय खात्यांच्या निमित्ताने नव्याने पुढे आला आहे. ग्राहकाने मोबाईलची, कर्जाची वा खरेदीविक्रीची कंपनी सोडली, खाते बंद केले, तरी त्याचे नाव, छायाचित्र, पत्ता, देण्याघेण्याचा वृत्तांत हे सर्व त्या कंपनीपाशी राहते. पुष्कळांना हा प्रश्न सर्वस्वी नवा वाटतो. परंतु महाराष्ट्रातील सावकारी व्यवहाराचा इतिहास पाहता, गेल्या दीडशे वर्षांत या प्रदेशात दंगा, चौकशी, कायदा आणि खटला अशा सर्व वाटांनी हा प्रश्न एकदा हाताळला गेला आहे, असे दिसून येते.

प्रथम जुन्या व्यवहारातील कागदांचे स्वरूप ध्यानी घेणे अगत्याचे आहे. सावकारापाशी दोन जातींचे लेख असत. एक वही आणि दुसरा रोखा. वही ही सावकाराची स्वतःची. रोजकीर्दीत दिवसाच्या क्रमाने जमा व नावे मांडावयाचे, आणि मग खतावणीत प्रत्येक कुळाच्या खाती ते ओढावयाचे, अशी ही रीत होती. येथे ‘कूळ’ हा शब्दही लक्षणीय आहे. आज बँक ज्याला ‘खातेदार’ म्हणून गौरविते, त्याला सावकार ‘कूळ’ म्हणे. खाते सावकाराचे होते, कुळाचे नव्हते. वही बांधलेली असल्यामुळे आणि एकाच पानावर अनेकांचे व्यवहार ओळीने येत असल्यामुळे, एका कुळाचे देणे फिटले म्हणून त्याच्यापुरता मजकूर वहीतून काढून टाकणे शक्यच नव्हते. पान फाडलेली वही हीच मुळी लबाडीची खूण मानली जाई.

रोख्याची गोष्ट वेगळी. रोखा, कर्जरोखा किंवा गहाणखत हे कुळाने लिहून दिलेले असे. त्यावर त्याची स्वतःची सही असे आणि लिहिता न येणाऱ्याची निशाणी असे. कुणब्याने नांगराची आकृती काढावी, इतर जातींनी आपापल्या हत्याराची, अशी दख्खनच्या गावांतील पद्धत जुन्या कागदांत आढळते. म्हणजे वहीत कुळाविषयी लिहिले जाई, तर रोख्यात कूळ स्वतःच बांधले जाई. म्हणूनच देणे फिटल्यावर वही जागच्या जागी राहावी, पण रोखा परत मिळावा किंवा फाडला जावा, आणि तो न सापडल्यास त्याऐवजी फारखत मिळावी, ही न्यायाची कल्पना लोकांच्या मनात रुजलेली होती. या व्यवहाराची सारी परिभाषा (जमा, खर्च, वसूल, बाकी, फारखत) अरबी-फारसी वळणाची आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने कारभारातील यवनी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले. बाजाराच्या वहीला त्याचा फारसा संपर्क झाला नाही.

इंग्रजी अंमलात या रीतीचा तोल बिघडला. गावच्या पंचायतीसमोर रोख्याचे मोल साक्षीदारांच्या आठवणीवर ठरे. दिवाणी न्यायालयासमोर कागद हाच मुख्य साक्षीदार झाला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. जुन्या कर्जाखाली रयतेने कायम दडपून जाऊ नये, हा या तरतुदीचा हेतू. परिणाम उलटा झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार कुळाकडून नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि त्यात मुद्दल व साचलेले व्याज मिळून नवे मुद्दल दाखविले जाऊ लागले. जुना रोखा परत मिळेलच अशी शाश्वती नव्हती. फेडीची पावती नाकारणे, फेड वहीत न मांडणे, रोख्यात न घेतलेली रक्कम लिहिणे, अशा तक्रारी पुढे सरकारी चौकशीत नोंदल्या गेल्या. लेख किती काळ जिवंत राहील याची मर्यादा कायद्याने घालताच तो लेख नव्या रूपाने पुन्हा जन्मास येऊ लागला, ही गोष्ट आजच्या वाचकाने विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. तेथून ही चळवळ पुणे आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरली. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की, जमावाचा रोख मुख्यतः कागदांवर होता. रोखे, हुकूमनामे आणि वह्या मागावयाच्या व त्यांची होळी करावयाची, हा क्रम गावोगाव दिसतो. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तेथे त्याच्या जिवास सहसा अपाय झाला नाही. दंग्यांचे खरे कारण कोणते, त्यांचे महत्त्व किती, याविषयी पुढील इतिहासकारांत दुमत आहे. नील चार्ल्सवर्थ यांनी तर १९७२ मध्ये या दंग्यांच्या व्याप्तीविषयीच्या रूढ समजुतीलाच आव्हान दिले. परंतु जमावाने काय जाळले, याविषयी वाद नाही.

येथे एक शंका उपस्थित करणे भाग आहे. रोख्याबरोबर वहीही जाळण्यात कुळाचे हित होते काय? रोख्यात केवळ देणे लिहिलेले असे. फेडीची नोंद, ती झाली असल्यास, वहीत असे. वही जळाली म्हणजे कुळाने दिलेल्या हप्त्यांचा एकमेव लेखी पुरावाही जळाला. क्रोधाच्या भरात हा विवेक कोणी करणार नाही, हे खरे. आणि ज्याला वही वाचताच येत नाही, ती मोडीत आहे की मारवाडीत आहे याचीही ज्याला खबर नाही, त्याने तिच्यातील आपल्या बाजूची ओळ शोधावी तरी कशी? तथापि पुढील कायद्याने नेमका हाच विवेक केला, आणि तेथेच त्याचे मोठेपण आहे.

चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला व प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू करण्यात आला. मुदत वाढविणे, न्यायालयाने रोख्यावर न थांबता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासणे, शेतकऱ्याचे दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर लिहिले जाणे, या त्यातील प्रसिद्ध तरतुदी होत. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक यांविषयीचा भाग अधिक मोलाचा आहे. शेतकऱ्याने पैसे दिले की त्याच क्षणी धनकोने लेखी पावती द्यावी, मागितल्यास खात्याचा हिशेब द्यावा, आणि खात्याची नक्कल असलेले पुस्तक कुळाच्या हाती ठेवावे, असे कर्तव्य त्यात घातले गेले. वही नष्ट करण्याचा मार्ग कायद्याने स्वीकारला नाही. वही राहू द्यावी, पण तिची प्रत कुळाच्या घरी जावी, असा त्याचा आशय होता. कायद्याचा अंमल कितपत झाला, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. कागदावर पासबुक आणि हातात पासबुक यांत अंतर असते.

ताडकळसला मात्र या कायद्याचा उपयोग नव्हता. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि मुंबई सरकारचा हुकूम तेथे चालत नव्हता. तेथे फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू ही दरबारची भाषा, मराठी ही रयतेची भाषा, आणि वही त्या त्या सावकाराच्या लिपीत, अशी तिहेरी भिंत कुळापुढे उभी होती. ‘बेबाक’ आणि ‘फारखत’ हे शब्द मराठवाड्याच्या बोलीत अधिक टिकून राहिले, याचे एक कारण दरबारी भाषेचा हा दीर्घ सहवास असावा. हैदराबाद राज्यात सावकारीचे नियमन करणारा कायदा आला तो १३४९ फसलीत, म्हणजे इसवी सन १९३९-४० मध्ये. सुप्याच्या घटनेस तोवर पाच तपांहून अधिक काळ लोटला होता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि पुढे १९४६ चा मुंबई सावकारी कायदा या भागासही लागू झाला. कर्ज पुरते फिटल्यावर ऋणकोने सही केलेल्या प्रत्येक कागदावर फेडीची किंवा रद्द झाल्याची न पुसणारी खूण करावी, गहाण मोकळे करावे, तारण परत द्यावे, असे कलम त्या कायद्यात होते. जुन्या फारखतीचाच हा कायदेशीर अवतार होय. त्याची जागा २०१४ मध्ये महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने घेतली.

वहीच्या दुहेरी स्वभावाचा प्रत्यय २०१५ मध्ये मराठवाड्यास पुन्हा आला. त्या वर्षी राज्य शासनाने विदर्भ व मराठवाड्यातील शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडील कर्जे माफ करण्याचा निर्णय घेतला. माफी कोणास, किती, हे ठरविण्यास आधार कोणता? तर सावकाराच्याच नोंदी. ज्याचे कर्ज वहीत रीतसर मांडले होते, तो सुटला. ज्याने परवान्याविना चालणाऱ्या सावकाराकडून चिठ्ठीवर पैसे घेतले होते, त्याच्यासाठी ही योजना नव्हती. एकदा ज्या वहीने रयतेस बांधले, तीच वही येथे तिच्या मुक्तीचा पुरावा झाली.

आता सांप्रतच्या व्यवहाराकडे वळता येईल. संगणकीय खात्यात वही आणि रोखा हा भेदच उरला नाही. ग्राहकाचे व्यवहार, त्याचे छायाचित्र, त्याच्या अंगठ्याच्या आधारे मिळविलेली ओळख, त्याची संमती, हे सर्व एकाच भांडारात जाते. नांगराची निशाणी ज्या कागदावर होती तो कागद परत मागता येत असे; यंत्रावर टेकविलेला अंगठा परत मागता येत नाही. या दृष्टीने २०१८ ची एक घटना मुद्दाम विस्ताराने पाहण्याजोगी आहे. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधार कायद्याविषयीचा निकाल देताना, खाजगी कंपन्यांना आधाराच्या वापराची मुभा देणारी तरतूद त्या अंशापुरती रद्द केली, आणि ओळख पटविल्याच्या नोंदी पाच वर्षे जपण्याची मुभा अमान्य करून त्या सहा महिन्यांपलीकडे ठेवू नयेत असे सांगितले. तोपर्यंत देशातील कोट्यवधी मोबाईल ग्राहकांची ओळख अंगठा लावून पटविली गेली होती. मग कंपन्यांपाशी जमलेल्या या माहितीचे काय करावयाचे? १८ ऑक्टोबर २०१८ रोजी दूरसंचार विभाग व आधार प्राधिकरण यांनी संयुक्त निवेदन काढून खुलासा केला की, सहा महिन्यांची मर्यादा प्राधिकरणाच्या स्वतःच्या नोंदींस आहे. दूरसंचार ग्राहकांची सर्व माहिती खोडून टाकावी असे न्यायालयाने म्हटलेले नाही. उलट तक्रारींच्या निवारणासाठी कंपन्यांनी आपल्याकडील नोंदी ठेवणे आवश्यक आहे. ज्या ग्राहकास आधाराची जोडणी नको असेल, त्याने दुसरा ओळखीचा कागद देऊन ती बदलून घ्यावी.

या खुलाशात वहीचा जुना युक्तिवाद जसाच्या तसा आढळतो. नोंद ग्राहकाच्या तक्रारीसाठीच ठेवली आहे, असे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. खतावणीतील फेडीची ओळही कुळाच्याच उपयोगाची होती. प्रश्न नोंद ठेवण्याचा नसून, ती कोणाच्या हाती आहे आणि तिची प्रत दुसऱ्या पक्षाला वाचता येते की नाही, याचा आहे. जोडणी सोडविण्यासाठी आणखी एक कागद द्यावा लागणे, यातही जुन्या रोख्याच्या नूतनीकरणाची छाया दिसते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

याच्याही आधी, २३ सप्टेंबर २०१६ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने व्हॉट्सअॅपच्या बदललेल्या धोरणाविरुद्धच्या अर्जावर निर्णय दिला होता. जे ग्राहक २५ सप्टेंबरपूर्वी खाते नष्ट करतील, त्यांची माहिती कंपनीने आपल्या यंत्रांतून पूर्णपणे काढून टाकावी, आणि जे राहतील त्यांची त्या तारखेपर्यंतची माहिती फेसबुकला देऊ नये, असा तो आदेश होता. सोडून गेलेल्या ग्राहकाचा हक्क राहिलेल्या ग्राहकाहून निराळा मानून त्यावर स्वतंत्र आज्ञा देणारा हा निर्णय महत्त्वाचा आहे. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

कर्जाच्या क्षेत्रात तर कागद आणि माहिती यांना लावलेले दोन निराळे न्याय शेजारीशेजारी पाहावयास मिळतात. भारतीय रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकाने असे ठरविले की, कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत स्थावर-जंगम मालमत्तेचे मूळ दस्तऐवज ऋणकोस परत करावेत, आणि धनकोच्या दोषामुळे विलंब झाल्यास प्रत्येक दिवसामागे ५,००० रुपये भरपाई द्यावी. १ डिसेंबर २०२३ पासून मोकळ्या होणाऱ्या दस्तऐवजांस हा नियम लागू झाला. रोखा परत देण्याची जी अपेक्षा सुप्याच्या शेतकऱ्याची होती, तिला इतके स्पष्ट रूप क्वचितच मिळाले असेल. परंतु त्याच ऋणकोच्या कर्जाचा वृत्तांत पतमाहिती कंपन्यांनी किमान सात वर्षे जपावयाचा आहे, आणि पैशांच्या अपहाराविरुद्धच्या कायद्यानुसार ओळखीच्या नोंदी व्यवहारसंबंध संपल्यापासून पाच वर्षे ठेवावयाच्या आहेत. या मुदतींना स्वतःची कारणे आहेत आणि ती पोकळ नाहीत. मोबाईलवरून झटपट कर्ज देणाऱ्या मंडळींच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. ऋणकोच्या मोबाईलमधील नातलगांची, मित्रांची यादी चाळण्यास मनाई केली, आणि दिलेली संमती मागे घेण्याचा व माहिती खोडावयास लावण्याचा पर्याय ऋणकोस असावा असे सांगितले. थकलेल्या कुळाची चव्हाट्यावर शोभा करणे ही जुन्या सावकारीतील वसुलीची रीत. तिचे नवे साधन ही यादी ठरली होती.

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हा प्रश्न प्रथमच सर्व व्यवसायांस लागू होईल अशा रीतीने हाताळला. संमती मागे घेतल्यास किंवा मूळ प्रयोजन संपल्यास माहिती खोडावी. अन्य कायद्याने ती ठेवणे आवश्यक असेल तर मात्र ठेवावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांत, दोन कोटींहून कमी नसलेले ग्राहक असणाऱ्या मोठ्या विक्री व समाजमाध्यम कंपन्यांसाठी आणि पन्नास लाख ग्राहकांच्या ऑनलाइन खेळांच्या कंपन्यांसाठी, ग्राहक फिरकला नाही तर तीन वर्षांनी माहिती खोडण्याची मुदत घातली असून, खोडण्यापूर्वी ४८ तास त्यास कळवावे असे म्हटले आहे. त्याच नियमांत काही नोंदी किमान एक वर्ष राखण्याचेही बंधन आहे. मुख्य कर्तव्ये नियम प्रसिद्ध झाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. तीन वर्षांचा आकडा १८५९ च्या मुदतीशी जुळावा हा योगायोग आहे. पण तेव्हा मुदत टाळण्यासाठी नवा रोखा लिहून घेतला गेला. आता ४८ तासांची सूचना मिळताच ग्राहकाने एकदा खाते उघडून पाहिले, की तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातील. सूचनेचा मजकूर कोण लिहिणार आणि तो ग्राहकास जावयास सांगेल की राहावयास, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

या ठिकाणी भाषेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकास द्यावा, असे कायदा सांगतो. म्हणजे ताडकळसच्या शेतकऱ्यास ती मराठीत मागता येईल. मोडी वहीपुढे उभ्या असलेल्या कुळाच्या मानाने हा फरक लहान नाही. पण मराठीत लिहावयाचे कसे? ‘खाते बंद करणे’ या एकाच शब्दप्रयोगात तीन निरनिराळ्या गोष्टी सामावल्या आहेत. खाते तात्पुरते निजवून ठेवणे, व्यवहार थांबवून नोंद राखणे आणि नोंद मुळातून काढून टाकणे. फारसी ‘बंद’ म्हणजे बांधलेले, मिटलेले. बंद दुकानात माल असतो. ‘मिटविणे’ म्हणावे तर ते डोळ्यांचे आणि भांडणाचे क्रियापद आहे. ‘निष्क्रिय’ हा संस्कृत शब्द कचेरीत चालतो, पण तो ऐकून माहिती उरली की गेली हे कोणासही कळत नाही. ‘खोडणे’ यात रेघ ओढूनही खालचे अक्षर दिसू शकते; ‘पुसणे’ त्या मानाने अर्थास अधिक जवळ आहे, आणि मोबाईल वापरणाऱ्या तरुणांनी ‘डिलीट’ जवळ केला आहे तो बहुधा या संदिग्धतेमुळेच.

‘फारखत’ या शब्दात यांपैकी एकही क्रिया नाही. त्यात वही जाळण्याचा अर्थ नाही आणि ती जपण्याचाही नाही. एका पक्षाने दुसऱ्याच्या हाती ठेवलेला, दुसऱ्याला दाखविता येईल असा लेख, एवढाच त्याचा अर्थ आहे. २०२३ च्या कायद्यात माहिती खोडण्याचे कर्तव्य आहे, पण ती खोडल्याचा असा लेख सोडून जाणाऱ्या ग्राहकास द्यावा, असे कलम आढळत नाही. पूर्णा तालुक्यातील शेतकरी दर हंगामास बँकेच्या खिडकीवरून जी बेबाकी घेऊन येतो, ती त्याच्या पैशांच्या बाकीपुरती आहे. त्या खिडकीमागे त्याच्याविषयी काय उरले, याचा उल्लेख तिच्यात नसतो.